वाचक विचारतात: अमेरिकेचं हवामान एवढं टोकाचं का?

मागच्या अंकात चक्रीवादळांवर लिहिताना टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन शहराचा मी जाता जाता एका ओळीत उल्लेख केला होता, की अमेरिकेत निसर्गाने एका फटक्यात सगळ्यात जास्त माणसं मारली ती तिथे. त्या एका ओळीवरून एवढे प्रश्न आलेत की यावेळी अख्खा कॉलम अमेरिकेच्या हवामानालाच देऊन टाकतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं कापून छोटी केलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, गॅल्व्हस्टनला नक्की झालं काय? १९०० साली तिथे हवामान खातं होतं ना? मग माणसं आधीच निघून का गेली नाहीत?

खातं होतं, आणि तिथेच तर सगळी गोम आहे. गॅल्व्हस्टन म्हणजे वाळूचं एक लांबट बेट, त्यावर वसलेलं श्रीमंत बंदर, कापसाच्या व्यापारावर गब्बर झालेलं, वस्ती सुमारे ३८ हजार. बेटावरची सगळ्यात उंच जागा समुद्रापासून जेमतेम पावणेतीन मीटर. ८ सप्टेंबर १९०० ला वादळाने समुद्राचं जे पाणी ढकलत आणलं ते साडेचार मीटरच्या वर होतं. पुढचं गणित तुम्हीच करा. किमान ६ हजार माणसं गेली, ८ हजार हा आकडा सगळ्यात जास्त वेळा सांगितला जातो आणि आजूबाजूचा भाग धरून काही लोक १२ हजारांपर्यंत जातात.

आता तुमचा खरा प्रश्न. तिथल्या हवामान ऑफिसचा प्रमुख होता आयझॅक क्लाइन, हुशार आणि मेहनती माणूस. पण याच क्लाइनने १८९१ मध्ये तिथल्या पेपरात लिहिलं होतं की वादळाने गॅल्व्हस्टनचं मोठं नुकसान होईल ही कल्पनाच वेडेपणाची आहे. शहराभोवती समुद्राला आडवी भिंत बांधायचा विषय त्या काळात निघत होता, तो मागे पडला तो पडलाच. दुसरी गोष्ट याहून चीड आणणारी आहे. वादळ क्युबावरून आलं होतं आणि हवानाच्या बेलेन वेधशाळेतले लोक या वादळांचे दर्दी होते, कित्येक वर्षं आकाश बघून अंदाज देत होते, ते सांगत होते की हे मेक्सिकोच्या आखातात शिरणार. वॉशिंग्टनच्या साहेबांचं म्हणणं वेगळं, की हे फ्लोरिडाकडे वळून अटलांटिकच्या किनाऱ्याने वर जाणार. आणि नुसतं म्हणणं वेगळं असतं तर एकवेळ चाललं असतं, पण क्युबा तेव्हा अमेरिकन लष्कराच्या ताब्यात होतं आणि खात्याने खटपट करून क्युबन लोकांच्या वादळाच्या तारा बंद करून ठेवल्या होत्या! आम्ही सांगू तेच हवामान. असो.

क्लाइनने नंतर लिहिलं की मी त्या सकाळी घोडागाडीने किनाऱ्यावर फिरून लोकांना सावध केलं. सगळ्या इतिहासकारांना हे पटत नाही. त्याच्या स्वतःच्या घरात पन्नासेक लोक आसऱ्याला आले होते कारण घर मजबूत म्हणून प्रसिद्ध होतं, आणि ते वाऱ्याला टिकलंही असतं कदाचित, पण किनाऱ्यावरच्या ट्रामच्या रुळांचा लांबलचक सांगाडा लाटांनी उचलला आणि तोच घरावर आपटत राहिला. घर कोसळलं. क्लाइन वाचला, त्याच्या मुली वाचल्या, गरोदर बायको गेली.

त्यानंतर मात्र त्या शहराने जे केलं ते वाचून मी थक्कच झाले होते. सुमारे पाच मीटर उंच भिंत बांधली, हे तर ठीकच, पण अख्खं शहर वर उचललं. खरोखर उचललं, दोन हजारांवर इमारती खाली स्क्रू-जॅक लावून हळूहळू वर घेतल्या, अगदी तीनेक हजार टनांचं चर्चसुद्धा, आणि खालच्या पोकळीत समुद्रातली वाळू पाण्यात कालवून पाइपने भरली. त्या काळात लोक घरातून बाजारात जायला लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून चालत होते. १९१५ मध्ये जवळपास तसंच वादळ परत आलं तेव्हा भिंत टिकली आणि शहरात मरणाऱ्यांची संख्या अगदी थोडी राहिली.

प्रश्न: टोर्नॅडो सगळे अमेरिकेतच का होतात? आणि पूर्वी हवामान खात्याला टोर्नॅडोचा इशारा द्यायची बंदी होती असं ऐकलं, खरंय का हे?

सगळे नाही, पण जगात सगळ्यात जास्त तिथेच, वर्षाला साधारण १२०० होतात. कारण नकाशात बघा. दक्षिणेला मेक्सिकोचं आखात, तिथून दमट गरम हवा वर सरकते, नैऋत्येकडून कोरडी हवा येते, कॅनडाकडून थंड हवा खाली उतरते, आणि मधे पूर्व-पश्चिम आडवा असा एकही डोंगर नाही जो त्यांना अडवेल. रॉकी पर्वत आहे पण तो उत्तर-दक्षिण उभा. म्हणजे मधल्या मैदानात या हवांची गाठ पडायला रान मोकळंच आहे, त्यात खालचा वारा एका दिशेचा आणि वरचा दुसऱ्या दिशेचा, जोरही वेगवेगळा, की ढग गरगरायला लागतो.

बंदीचं खरं आहे. १८८० च्या दशकात जॉन फिनली नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने टोर्नॅडोचे अंदाज द्यायला सुरुवात केली होती, पण वरच्यांना वाटलं की यात नुकसानीपेक्षा घबराटच जास्त होईल, म्हणून अंदाजात तो शब्दच टाकायचा नाही असं ठरलं, आणि हे पुढे पन्नासेक वर्षं चाललं. आता १८ मार्च १९२५ चा दिवस बघा. मिसुरी, इलिनॉय, इंडियाना या तीन राज्यांतून एकच टोर्नॅडो साडेतीन तास जमीन न सोडता सुमारे ३५० किलोमीटर पळाला, सरासरी वेग ताशी शंभर किलोमीटर. ६९५ माणसं मेली, त्यातली २३४ एकट्या मर्फिसबरो गावात. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी सांगितलं की सोंड वगैरे काही दिसलीच नाही, नुसता काळा, धुळीचा, जमिनीला टेकलेला ढग येताना दिसला आणि तो काय आहे हे कळेपर्यंत अंगावर होता. शाळा भरलेल्या होत्या. इशारा शून्य.

हे बदललं ते गमतीशीर रीतीने. २० मार्च १९४८ ला ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नॅडो आला, विमानांचा चुराडा झाला आणि वरिष्ठ भडकले. फॉबुश आणि मिलर या तिथल्या दोन हवामान अधिकाऱ्यांना हुकूम की कारणं शोधा. दोघांनी जुने तक्ते उपसले, आणि पाचव्याच दिवशी, २५ मार्चला, त्यांना नकाशावर हुबेहूब तीच परिस्थिती दिसली. आता एकाच जागी आठवड्यात दोनदा टोर्नॅडो येणं म्हणजे लॉटरी लागण्यासारखंच, पण जनरलसाहेबांनी विचारलं, अंदाज देताय की नाही? दिला. विमानं हँगरमध्ये ढकलली, माणसं आडोशाला नेली. संध्याकाळ झाली तरी काही घडेना, मिलर तर आपली अब्रू गेली म्हणून तोंड पाडून घरी गेला, आणि त्याला रेडिओवरून कळलं की टोर्नॅडो आला, बरोबर तळावरच आला. दोन वर्षांनी, १९५० मध्ये, सरकारी खात्याने आपल्या ऑफिसांना कळवलं की अशी काही बंदी नाही बरं का. मला हे वाचून हसू आवरलं नव्हतं.

प्रश्न: सगळ्यात गरम, सगळ्यात थंड, सगळ्यात विचित्र, असे रेकॉर्ड सांगा ना. मुलाला क्विझसाठी हवेत.

घ्या. सगळ्यात गरम, डेथ व्हॅलीतलं फर्नेस क्रीक, १० जुलै १९१३, ५६.७ अंश सेल्सिअस (काही अभ्यासकांना ही नोंदच चुकीची वाटते, पण अधिकृत यादीत तीच आहे). सगळ्यात थंड, अलास्कातलं प्रॉस्पेक्ट क्रीक, २३ जानेवारी १९७१, उणे ६२. वाऱ्यासाठी न्यू हॅम्पशायरमधलं माउंट वॉशिंग्टन, १२ एप्रिल १९३४, ताशी ३७२ किलोमीटर, आणि हा जागतिक विक्रम होता, १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चक्रीवादळाने तो मोडला. पाऊस, मिसुरीतलं होल्ट गाव, १९४७, फक्त ४२ मिनिटांत १२ इंच. गारा, साउथ डकोटातल्या व्हिव्हियनला २०१० मध्ये पडलेली आठ इंच व्यासाची गार, पाऊण किलोच्या वर वजन.

पण मला विचाराल तर खरा चमत्कार स्पिअरफिशचा. साउथ डकोटातलं डोंगरापायथ्याचं छोटं गाव, २२ जानेवारी १९४३, सकाळी साडेसातला तापमान उणे २० सेल्सिअस. दोन मिनिटांत ते अधिक ७ वर गेलं. दोन तासांत नाही हो, दोन मिनिटांत. डोंगरावरून चिनूक म्हणतात तो कोरडा गरम वारा उतरला, खाली साचलेली थंड हवा त्याने बाजूला सारली. नऊच्या सुमाराला १२ अंश झालं, मग वारा थांबला आणि २७ मिनिटांत परत उणे २०. घरांच्या खिडक्यांच्या काचा तडकल्या, गाड्यांच्या पुढच्या काचांवर एकदम हिम धरलं.

आणि एक, हे क्विझवाल्यांना सहसा माहीत नसतं. १९३६ साली नॉर्थ डकोटा या एकाच राज्यात फेब्रुवारीत उणे ५१ आणि जुलैत अधिक ४९ नोंदलं गेलं. एका राज्यात एका वर्षात शंभर अंशांचा फरक, काय बोलायचं यावर!

प्रश्न: १८८८ च्या हिमवादळाला 'मुलांचं हिमवादळ' का म्हणतात?

कारण मरणाऱ्यांत शाळेची मुलं खूप होती. १२ जानेवारी १८८८, डकोटा, नेब्रास्का हा भाग. आधीचे कित्येक दिवस कडाक्याची थंडी, आणि त्या दिवशी सकाळी एकदम ऊबदार हवा, म्हणजे तिथल्या हिशोबाने ऊबदार. शेतकरी जनावरांना बाहेर घेऊन गेले, मुलं जाड कोट न घालताच शाळेत गेली. दुपारी, काही ठिकाणी शाळा सुटायच्या वेळेलाच, वायव्येकडून भिंतीसारखं वादळ आलं. बर्फ पिठासारखा बारीक, डोळ्यात नाकात जाणारा, हातभर अंतरावरचं दिसत नाही. मुलं घराच्या वाटेवर हरवली, काही तर घरापासून अगदी जवळ सापडली. एकूण २३५ मृत्यू सांगतात. मिनी फ्रीमन नावाच्या नेब्रास्कातल्या तरुण शिक्षिकेच्या शाळेचं छप्पर उडालं तेव्हा ती सगळ्या मुलांना घेऊन जवळच्या शेतघरापर्यंत सुखरूप पोचली, तिला देशभर प्रसिद्धी मिळाली.

त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कला दुसरं हिमवादळ. त्यात ४०० च्या वर गेले, निम्मे न्यूयॉर्क शहरातच. रोस्को कॉन्कलिंग म्हणून माजी सिनेटर होते, मोठं प्रस्थ. वॉल स्ट्रीटवरून घरी निघाले तर गाडीवाल्याने ५० डॉलर मागितले, त्या काळचे ५० डॉलर! साहेबांनी लूट म्हणून नकार दिला आणि चालत निघाले, कमरेएवढ्या बर्फातून मॅडिसन स्क्वेअरपर्यंत पोचले आणि क्लबच्या दारात कोसळले. महिन्याभराने वारले. त्या वादळात तारांचे खांब आडवे झाले, शहर गप्प झालं, आणि त्यानंतर न्यूयॉर्कने तारा जमिनीखाली न्यायचं मनावर घेतलं, भुयारी रेल्वेच्या मागणीलाही तिथून जोर आला.

प्रश्न: सात वेळा वीज अंगावर पडलेला माणूस खरंच होता का?

होता. रॉय सुलिव्हन, व्हर्जिनियातल्या शेनांडोआ नॅशनल पार्कचा रेंजर. पहिली वीज १९४२ मध्ये, सातवी १९७७ मध्ये. सातही वेळा वाचला. विजेने मेला नाही तो.

प्रश्न: सगळे वादळांबद्दल बोलतात, पण नुसत्या उन्हाने अमेरिकेत माणसं मरतात का? तिथे तर घरोघरी एसी असतात.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण सरासरी वर्षात अमेरिकेत टोर्नॅडो किंवा चक्रीवादळापेक्षा ऊनच जास्त बळी घेतं, फक्त त्याचे फोटो निघत नाहीत. छप्पर उडत नाही, पाणी चढत नाही, टीव्हीवाला उभा राहणार कशासमोर?

जुलै १९९५, शिकागो. १३ जुलैला ४१ अंश, वर दमटपणा एवढा की अंगाला ते ५० च्या वर भासत होतं, आणि रात्रीसुद्धा उतार नाही. विजेची मागणी वाढून काही भागात वीज गेली. त्या आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ लोक जास्त मेले. शवागारात जागा संपली तेव्हा बाहेर रेफ्रिजरेटर असलेले ट्रक आणून रांगेत उभे केले. महापौर डेली तर सुरुवातीला आकड्यांवरच शंका घेत होते.

मेलं कोण, तर बहुतेक म्हातारे, गरीब, एकटे राहणारे. एसी नाही किंवा आहे पण बिलाच्या धाकाने बंद, आणि चोरांच्या भीतीने खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या. समाजशास्त्रज्ञांनी नंतर शेजारशेजारच्या दोन वस्त्या तपासल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे म्हातारे, ऊन तर एकच. पण पहिल्या वस्तीत दुकानं बंद पडलेली, घरं ओस, रस्त्यावर निघायची भीती, आणि दुसऱ्या वस्तीत दिवसभर गजबज, पायरीपाशी दुकान, म्हातारी माणसं थंडाव्याला दुकानात जाऊन बसायची. पहिल्या वस्तीत मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या कितीतरी पट निघालं. आता याला हवामानाची आपत्ती म्हणायचं की आणखी काही, मी तरी थर्मामीटरला दोष देणार नाही.

प्रश्न: तसं असेल तर कॅटरिनाही माणसाच्याच चुकीने झालं म्हणायचं का? आणि १९३० च्या दशकातली ती धुळीची वादळं?

कॅटरिना वादळ काही माणसाने आणलं नाही, पण न्यू ऑर्लिन्स बुडालं ते पूरभिंती फुटल्यामुळे. २९ ऑगस्ट २००५ ला किनाऱ्यावर येताना ते तिसऱ्या श्रेणीचं होतं, त्याहून जोरदार वादळं तिथे येऊन गेलीत. पन्नासहून जास्त ठिकाणी भिंती आणि बांध फुटले, ८० टक्के शहर पाण्यात गेलं. भिंती बांधणारं लष्कराचं इंजिनिअर दल, त्यांनी २००६ च्या अहवालात स्वतःच कबूल केलं की रचनेत दोष होते.

धुळीच्या वादळांचं जास्त स्पष्ट आहे. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सासच्या उत्तर टोकाला हजारो वर्षांचं गवताळ रान ट्रॅक्टरने नांगरून टाकलं. माती धरून ठेवणारं गवत गेलं, आणि मग १९३० च्या दशकात लागोपाठ दुष्काळ. १४ एप्रिल १९३५ चा रविवार, त्याला काळा रविवारच म्हणतात, धुळीची अशी भिंत आली की दुपारी रात्र झाली. हवेत स्थिर वीज एवढी तयार व्हायची की गाड्या बंद पडायच्या, म्हणून लोक गाडीच्या मागे जमिनीला घासत जाणारी साखळी बांधायचे. दोन लोक हात मिळवताना ठिणगी उडायची. लहान मुलं धुळीच्या न्यूमोनियाने मेली. आदल्या वर्षी, मे १९३४ मध्ये, ती माती न्यूयॉर्कपर्यंत, एवढंच काय अटलांटिकमधल्या जहाजांवर जाऊन पडली होती, आणि मग कुठे वॉशिंग्टनला वाटलं की प्रकरण गंभीर आहे. ह्यू बेनेट हा माणूस मातीसाठी आधीपासून घसा कोरडा करत होता, त्याच्या प्रयत्नांनी २७ एप्रिल १९३५ ला मृदसंधारणाचा कायदा झाला, काळ्या रविवारनंतर दोन आठवड्यांच्या आत.

प्रश्न: भाऊ ओक्लाहोमाला राहतो. टोर्नॅडो आला तर हायवेच्या पुलाखाली थांबायचं असं तो म्हणतो, व्हिडिओ पण पाठवला. बरोबर आहे का?

अजिबात नाही, आणि हे त्याला आजच कळवा. तो व्हिडिओ बहुतेक १९९१ चा आहे, कॅन्ससमधल्या हायवेवर टीव्हीची टीम आणि काही प्रवासी पुलाखालच्या बेचक्यात घुसले आणि वाचले, जगभर दाखवला गेला तो. पण त्यातला टोर्नॅडो कमजोर होता आणि बरोबर पुलावरून गेलाच नव्हता. व्हिडिओ बघून लोकांनी धडा मात्र घेतला. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमा सिटीच्या बाजूला जो टोर्नॅडो आला त्यात रडारने ताशी ४८० किलोमीटरच्या वर वारा मोजला, त्या दिवशी लोक गाड्या सोडून पुलांखाली शिरले, आणि तीन वेगवेगळ्या पुलांखाली एकेक जण मेला, बरेच जण भयंकर जखमी झाले. पुलाखाली जागा निमुळती, वारा तिथून आणखी जोराने जातो, शिवाय तुम्ही उतारावर वर चढून बसलेले म्हणजे जमिनीपेक्षा जास्त वाऱ्यात, आणि उडणारे पत्रे, काचा, लाकडं सगळं तिथूनच जाणार. वर गाड्या उभ्या केल्याने रस्ता बंद होतो, मागचे अडकतात ते वेगळंच.

घरी असेल तर तळघर, तळघर नसेल तर खालच्या मजल्यावरची सगळ्यात आतली, खिडकी नसलेली खोली, बाथरूम किंवा कपाटाची खोली, डोक्यावर गादी किंवा हेल्मेट. मोबाइल होममध्ये, म्हणजे चाकांवरच्या हलक्या घरात राहत असेल तर इशारा आल्या आल्या तिथून निघायचं, थांबायचं नाही. रस्त्यात असेल आणि वेळ असेल तर जवळच्या पक्क्या इमारतीत जायचं. आणि फोनवरचे अलर्ट रात्री बंद करून झोपतो का, तेही विचारून घ्या.